लिंकन सेंटरचं कारंजं: तिकीट नसलं तरी एक संध्याकाळ द्या

शेवंती

उन्हाळा जवळ आला की 'आईबाबा येताहेत, न्यूयॉर्कमध्ये काय काय दाखवू?' असे धागे सुरू होतात. उत्तरंही ठरलेली. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट, सेंट्रल पार्कची एक चक्कर. लिंकन सेंटरचं नाव त्यात क्वचित येतं, आणि आलं तरी 'ऑपेराची तिकिटं काढणार असाल तर' अशी पुस्ती जोडलेली असते. माझा आक्षेप त्या पुस्तीला आहे. काहीही तिकीट न काढता, नुसतं तिथल्या कारंज्याच्या काठावर बसायला म्हणून एक अख्खी संध्याकाळ द्यावी, अशी ती जागा आहे.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी नकाशा. मॅनहॅटनच्या पश्चिम भागात, साधारण ६२व्या ते ६६व्या रस्त्यांच्या दरम्यान, १६ एकरांहून मोठ्या जागेत लिंकन सेंटर पसरलेलं आहे. कोलंबस अव्हेन्यूवरून रुंद पायऱ्या चढून वर आलात की समोर चौक, जोसी रॉबर्टसन प्लाझा. डावीकडे डेव्हिड कोक थिएटर, म्हणजे न्यूयॉर्क सिटी बॅलेची जागा. उजवीकडे डेव्हिड गेफेन हॉल, तिथे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद. नाकासमोर पाच उंच कमानींचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस, ज्याला सगळे नुसतं 'मेट' म्हणतात. आणि या तिघांच्या मधोमध रेव्हसन फाउंटन.

कारंजं १९६४चं. आराखडा फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाचा, डावीकडचं थिएटरही त्याचंच. 'रेव्हलॉन' ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी ज्यांनी उभी केली त्या चार्ल्स रेव्हसन यांचं नाव कारंज्याला दिलं आहे. आज आपण पाहतो ते रूप मात्र २००९चं. तेव्हा सगळ्या परिसराचं नूतनीकरण चाललं होतं. डिलर स्कोफिडिओ अँड रेनफ्रो या वास्तुविशारदांनी 'वेट' या कारंजी बनवणाऱ्या कंपनीसोबत हे पुन्हा उभं केलं. काळ्या ग्रॅनाइटचं एक मोठं कडं आहे, बसता येईल इतकं रुंद. खालचा आधार आत सरकवलेला असल्यामुळे एवढं जड दगडी कडं जमिनीला न टेकता तरंगतंय असं वाटतं. आतमध्ये तीनशेहून जास्त तोट्या, एकात एक अशा वर्तुळांत.

आता पाणी काय करतं ते. कधी ते गुडघाभर उंचीवर नुसतं थरथरत असतं. मग बाहेरचं वर्तुळ उठतं, त्यामागून आतलं, त्याच्याही आतलं. मधला झोत सगळ्यांच्या वर जातो. आणि मग सगळ्याच तोट्या एका दमात पाणी वर फेकतात आणि तत्क्षणी बंद होतात. वर गेलेल्या पाण्याला खालून आधार उरत नाही. क्षणभर ते तसंच हवेत असतं आणि मग एकदम सगळं दगडावर आदळतं. तो आवाज चौकातल्या प्रत्येकाला ऐकू जातो. बोलणारे बोलता बोलता थांबतात. काठावर बसलं असाल तर पाठीला तुषार लागतात, आणि दगडातून एक बारीक हादरा जाणवतो.

माझं म्हणणं एवढंच की हे पाच मिनिटांत फोटो काढून निघण्यासारखं नाही. प्रयोग सुरू व्हायच्या तासभर आधी पोहोचा. मेटचे प्रयोग बहुतेक वेळा सात-साडेसातला सुरू होतात. त्या तासात तिन्ही इमारतींकडे जाणारी माणसं याच चौकातून जातात. कुणी लांब झग्यात, कुणी जीन्समध्ये, कुणाच्या पाठीवर चेलोची पेटी. निम्मी मंडळी कुणाची तरी वाट पाहत कारंज्याशीच उभी असतात, कारण 'कारंज्यापाशी भेटू' एवढं सांगितलं की पुरतं.

तुमचे अनुभव लिहा. कुणी मोठ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर त्याबद्दल नक्की.

----

परागकण

धागा आवडला. पुस्तीबद्दलच्या आक्षेपाला जोरदार अनुमोदन.

एक भर घालतो. मेटच्या कमानींच्या काचेतून आत दोन प्रचंड चित्रं दिसतात, ती मार्क शागालची. तुम्ही चौकात मेटकडे तोंड करून उभे असाल तर डावीकडचं लाल, 'द ट्रायम्फ ऑफ म्युझिक', आणि उजवीकडचं पिवळं, 'द सोर्सेस ऑफ म्युझिक'. प्रत्येक साधारण ३६ फूट उंच. इमारतीचं तोंड पूर्वेला असल्यामुळे सकाळचं ऊन थेट चित्रांवर येतं, म्हणून सकाळी ती झाकून ठेवतात. सकाळी जाऊन 'चित्रं कुठे आहेत?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. शेवंती, तुम्ही संध्याकाळचा आग्रह धरलात त्याला हे आणखी एक कारण.

आतल्या झुंबरांकडेही पाहा. १९६६ला हे ऑपेरा हाउस उघडलं तेव्हा ऑस्ट्रियाने ती भेट दिली, व्हिएन्नाच्या लोबमायर कारखान्यात घडवलेली. मध्यातून चहूकडे काड्या फुटलेल्या आणि टोकांना स्फटिक, म्हणून सगळे त्यांना पहिल्या उपग्रहाच्या नावाने 'स्पुटनिक' म्हणतात. त्यातली लॉबीतली झुंबरं तुम्हाला कारंज्यापाशी बसूनही दिसतात. प्रेक्षागृहातली मात्र तिकीट काढूनच. प्रयोग सुरू होण्याआधी ती मंद होत हळूहळू छताकडे वर जातात आणि सगळं थिएटर मान वर करून बघत बसतं.

----

नीलमोहर

मी थोडं वेगळं मत मांडते. लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलचं कारंजं पाहून आलेल्यांना हे फार छोटं वाटतं. आमच्याकडच्या पाहुण्यांना मी मुद्दाम तिकडे नेलं तर 'एवढंच?' असा चेहरा झाला त्यांचा. लास व्हेगासला गाण्याच्या तालावर पाणी नाचतं, इथे गाणंही नाही.

----

शेवंती

@नीलमोहर, गंमत अशी की बेलाजिओचं (१९९८) कारंजंही 'वेट'नेच केलेलं आहे, आणि दुबईचं बुर्ज खलिफासमोरचंही, जे २००९मध्येच सुरू झालं. म्हणजे करणारे हात तेच. पण बेलाजिओचं कारंजं आठ एकरांच्या तळ्यात आहे. तुम्ही कठड्याच्या अलीकडे, पाणी दूर पलीकडे. ते पाहायचं असतं. लिंकन सेंटरला तुम्ही त्याच्या काठावर बसता, हात लांब केला तर पाणी लागतं. उंचीची बरोबरी करायला गेलं तर हे हरणारच, आणि त्याला जिंकायचंही नाहीये. तीन नाट्यगृहांच्या मध्ये लोकांनी थांबावं, बसावं, एकमेकांना भेटावं म्हणून ते आहे.

गाणं नाही हे मला तरी उलट बरं वाटतं. आत तीन ठिकाणी संगीत चाललेलं असताना बाहेर स्पीकर लावून काय करायचं?

----

तबलजी

गाणं नाही पण लय आहे, आणि ती पक्की आहे. मी एकदा प्रयोगाला बराच वेळ आहे म्हणून काठावर बसून राहिलो आणि नकळत मांडीवर बोटं वाजायला लागली. वर्तुळं उठतात ती ठरावीक अंतराने. एखादी रचना दोनदा येते, तिसऱ्यांदा येताना दुप्पट वेगाने, आणि मग तो मोठा फटका. तिहाईनंतर समेवर यावं तसा तो येतो. एकदा हा हिशोब लक्षात आला की पुढचा फटका कधी पडणार याचा अंदाज बांधत बसायला फार मजा येते. आजूबाजूची लहान मुलं हेच करत असतात. फटका पडायच्या ऐन आधी काठापासून मागे पळतात.

यामागची करामत अशी की पाणी नुसत्या पंपाने ढकललं तर झोत हळूहळू वर चढतो आणि हळूहळूच बसतो. त्यात ठोका येत नाही. इथे दाबाखालची हवा वापरून पाणी उडवतात. झडप उघडली की गोळी सुटल्यासारखं वर, झडप मिटली की मागे काही नाही. म्हणून तुटक, कडक बोल काढता येतात. 'वेट'चे संस्थापक आधी डिस्नेच्या उद्यानांसाठी काम करणारे अभियंते होते, त्यांनी हे तंत्र फार पुढे नेलं.

आणि नीलमोहर, पाहुण्यांना पुन्हा न्या, पण अंधार पडल्यावर. दिवे पाण्याच्या खालून आहेत. दिवसा जे पांढरट दिसतं ते रात्री अक्षरशः पेटतं.

----

आजोबा_एडिसनचे

नमस्कार मंडळी. मी आणि आमच्या सौ. दोघेही सत्तरीच्या पुढचे. मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो दिवसभर कामात, त्यामुळे आम्हीच दोघे गाडीने न्यूयॉर्कला जातो. सौ.चे गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत. कारंजे बघायची फार इच्छा आहे. तिथवर जाण्याचा सोपा मार्ग कोणी सांगेल का? तसेच बसण्याची व स्वच्छतागृहाची काय सोय आहे?

----

दर्यावर्दी

काका, नमस्कार. अगदी आरामात जमेल. एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेने न्यूयॉर्क पेन स्टेशनला उतरा. तिथून भुयारी रेल्वेची १ नंबरची गाडी घ्या, अपटाउनकडे जाणारी. २ आणि ३ नंबर त्याच मार्गावर धावतात पण त्या जलद आहेत, ६६व्या रस्त्याला थांबत नाहीत, तेवढं पाहून चढा. '६६ स्ट्रीट – लिंकन सेंटर' असं स्थानकाचं नाव आहे. पेन स्टेशन आणि ६६वा रस्ता दोन्हीकडे लिफ्ट आहे. निघण्याआधी मुलाला सांगून भुयारी रेल्वे चालवणाऱ्या एमटीएच्या संकेतस्थळावर लिफ्ट चालू आहेत का ते बघून घ्या, कारण दुरुस्तीला त्या अधूनमधून बंद असतात.

फलाटावर उतरलात की भिंतीकडे जरूर बघा. नॅन्सी स्पेरो या चित्रकर्तीची काचेच्या तुकड्यांची चित्रं आहेत, नर्तकी, गायिका, डोंबाऱ्यासारख्या कसरती करणाऱ्या बायका. बहुतेक लोक धावत निघून जातात.

कोलंबस अव्हेन्यूवरच्या मोठ्या पायऱ्या काकूंनी टाळाव्यात. त्यांच्या दोन्ही बाजूंना उतार आहेत, वर काचेचं छत आहे, त्यामुळे पाऊस असला तरी अडचण नाही. पूर्वी इथे पायऱ्यांसमोरून गाड्यांचा रस्ता होता आणि चालणाऱ्यांना तो ओलांडून यावं लागायचं. नूतनीकरणात तो रस्ता पायऱ्यांच्या खाली नेला.

बसायला कारंज्याचा काठ आहेच. पण त्याला पाठ टेकायला काही नाही आणि दगड थंड लागतो, म्हणून काकूंसाठी एखादी छोटी चटई किंवा शाल ठेवा. स्वच्छतागृहासाठी गेफेन हॉलची लॉबी. २०२२मध्ये तो हॉल आतून पूर्ण नव्याने बांधून उघडला, तेव्हापासून लॉबी दिवसभर सगळ्यांसाठी खुली असते. तिथे खुर्च्या आहेत, एक ५० फुटी पडदा आहे, आणि काही मैफली आत चालू असताना त्या पडद्यावर थेट दाखवतात, फुकट. गुडघे दुखले की तिथे जाऊन बसा, मग पुन्हा बाहेर या.

----

आजोबा_एडिसनचे

दर्यावर्दी, मनापासून आभार. इतकी बारीकसारीक माहिती कोणीच दिली नव्हती. सौ.ला वाचून दाखवले. शाल ती घेणारच होती.

----

उंबरठा

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत थांबलो होतो. ही जागा मलाही आवडते. पण तिथे बसल्यावर आधी तिथे काय होतं ते विसरता येत नाही, आणि या धाग्यात ते यायला हवं.

१९५०च्या दशकापर्यंत तिथे सॅन हुआन हिल नावाची वस्ती होती. कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कुटुंबं, दाटीवाटीच्या चाळवजा इमारती. मॅनहॅटनमधल्या कृष्णवर्णीयांची एक मोठी वस्ती हार्लेमच्याही आधी इथे होती. चार्ल्सटन या नाचाची ज्याची धून जगभर गेली तो जेम्स पी. जॉन्सन इथल्याच क्लबात पियानो वाजवायचा. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक इथेच, ६३व्या रस्त्यावर वाढला.

१९४९च्या गृहनिर्माण कायद्याने शहरांना 'झोपडपट्टी निर्मूलना'साठी केंद्राचा पैसा मिळू लागला. न्यूयॉर्कमध्ये त्याची सूत्रं रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याच्या हातात होती. वस्ती पाडायची ठरली आणि सात हजारांहून जास्त कुटुंबं आणि सुमारे ८०० दुकानं-धंदे उठवले गेले. १४ मे १९५९ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पहिलं फावडं मारलं, संगीतकार लेनर्ड बर्न्स्टीनने वाद्यवृंदाचं संचालन केलं. आणि 'वेस्ट साइड स्टोरी' या १९६१च्या चित्रपटाच्या सुरुवातीला ज्या गल्ल्या दिसतात त्यातल्या काही पाडापाडीच्या तोंडावर उभ्या असलेल्या याच गल्ल्या. घरं सोडून गेलेल्या लोकांच्या रस्त्यावर त्यांच्याबद्दलचंच नाट्य चित्रित झालं.

कारंजं बघू नका असं मी म्हणत नाही. पण काठावर बसून आईबाबांना झुंबरांची गोष्ट सांगाल तेव्हा हीसुद्धा सांगा.

----

मुग्धमधुर

उंबरठा, लिहिलंत ते फार बरं केलंत. गिरणगावात वाढलेय मी, त्यामुळे 'इथे आधी कोण राहायचं' हा प्रश्न मला कुठल्याही चकचकीत चौकात पडतोच.

यात एक सांगण्यासारखं आहे. लिंकन सेंटरने हा इतिहास अनेक वर्षं बाजूला ठेवला होता, पण अलीकडे तो समोर आणायला सुरुवात केली आहे. २०२२मध्ये गेफेन हॉल पुन्हा उघडला तेव्हा पहिली मैफल या वस्तीवरच होती, त्रिनिदादचे ट्रम्पेटवादक एत्येन चार्ल्स यांची रचना. हॉलच्या ६५व्या रस्त्याकडच्या दर्शनी भागावर नीना शनेल अ‍ॅब्नी यांचं मोठं रंगीत काम लावलं गेलं, 'सॅन हुआन हील' (Heal, म्हणजे जखम भरून येणं) नावाचं, त्यात वस्तीतली माणसं, वाद्यं, दुकानांच्या पाट्या.

आणि एक गोष्ट नकाशावर बघण्यासारखी. लिंकन सेंटरचं तोंड कोलंबस अव्हेन्यूकडे. पश्चिमेला अ‍ॅमस्टरडॅम अव्हेन्यूपलीकडे सरकारी घरांची मोठी वसाहत आहे, तिकडे या सगळ्याची पाठ, म्हणजे नुसती भिंत. शेजारी राहणाऱ्यांना कारंजं बघायला सगळा वळसा घालून यावं लागतं. ती भिंत काढून तिकडून मोकळी बाग आणि खुला रंगमंच करण्याची योजना त्यांनी जाहीर केली आहे. ते होईल तेव्हा मला पुढच्या पायऱ्यांपेक्षा मागच्या बाजूने आत जायला जास्त आवडेल.

----

परागकण

उंबरठा, मुग्धमधुर, दोघांचेही आभार. यानंतर पाहुण्यांना मीही अ‍ॅमस्टरडॅमकडून चालवत आणीन. ६३व्या रस्त्यावरची, मंक राहायचा ती फिप्स हाउसेस अजून उभी आहेत. तिथून सुरुवात करून चौकात शेवट करता येईल. अंतर थोडंच आहे.

----

कॅमेरावाला

प्रकाशचित्रं काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोलंबसकडच्या बाजूला, कारंज्याचा मध्य आणि मेटची मधली कमान एका रेषेत येतील असे उभे राहा. सूर्य मेटच्या मागे मावळतो. मावळल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि काचेतून आतला सोनेरी उजेड बाहेर येतो. तोच क्षण. त्याआधी काच आरशासारखी दिसते, त्यानंतर आकाश काळं होऊन इमारतीची कड हरवते.

मोठा फटका टिपायचा तर शटर वेगवान ठेवा, १/१००० किंवा त्याहून. पाण्याचा खांब वरच्या टोकाला फुटतो तिथे एकेक थेंब वेगळा येतो. आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, नाहीतर सगळा वेळ लेन्स पुसण्यात जाईल. वारा फार असेल त्या दिवशी पाण्याची उंची कमी ठेवतात, म्हणून खास फोटोसाठीच जाणार असाल तर हवामान बघून जा.

----

नीलमोहर

तबलजी, काल अंधार पडल्यावर गेले होते, एकटीच. तासभर बसले. समेचा हिशोब खरंच लागतो हो! माझ्या शेजारी एक बाई तिच्या छोट्या मुलाला आकडे मोजायला लावत होती आणि आम्ही तिघंही फटका चुकलो की हसत होतो. आधीचं मत मी मागे घेतलं असं समजा.

एक प्रश्न. चौकाच्या फरशीवर मधून बाहेर जाणाऱ्या रेषा आणि वर्तुळं आहेत, ती कारंज्यासोबतचीच का?

----

शेवंती

वा, हे वाचून फार आनंद झाला!

हो, फरशीची रचनाही जॉन्सनच्या मूळ कल्पनेतली. रोममध्ये मायकेलअँजेलोने आखलेला कॅम्पिदोलिओ चौक आहे, तिथे मध्यातून बाहेर फुलत जाणारी नक्षी आहे आणि तीन बाजूंना इमारती. जॉन्सनसमोर तोच नमुना होता. तिथे मध्यभागी घोड्यावरचा सम्राट, इथे पाणी. तिन्ही इमारतींना लावलेला ट्रॅव्हर्टाइन दगडसुद्धा रोमच्याच भागातला. जवळ जाऊन बघा, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात.

आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागाही या चौकात आहे. कारंज्याच्या उजवीकडच्या हॉलमध्ये १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. १९८१मध्ये रविशंकरांनी त्यांच्या या वाद्यवृंदासाठी सतार आणि ऑर्केस्ट्रा असा दुसरा कन्चेर्तो लिहिला, 'रागमाला'. तो पहिल्यांदा वाजला तो इथेच.

----

मुग्धमधुर

झुबिन मेहतांचं वाचून बाबांना लगेच फोन केला. त्यांना माहीत होतं, आणि मलाच का माहीत नव्हतं यावर व्याख्यान झालं.

सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांसाठी मी एक गोष्ट सांगते, गर्दीची वा मजेची नाही. ११ सप्टेंबरला सकाळी या कारंज्याभोवती 'टेबल ऑफ सायलेन्स' होतं. जॅकलिन बुग्लिसी या नृत्यदिग्दर्शिकेने २०११मध्ये, हल्ल्याला दहा वर्षं झाली तेव्हा सुरू केलं. पांढऱ्या कपड्यांतले शंभराहून जास्त नर्तक रांगांनी चौकात येतात आणि कारंज्याभोवती एकात एक वर्तुळं धरतात. घंटा वाजते. त्यांच्या हालचाली अगदी साध्या आहेत, वाकणं, हात वर नेणं, छातीशी आणणं, पण शंभर जणांनी एकत्र केल्या की पोटात हलतं. ८ वाजून ४६ मिनिटांनी, पहिलं विमान धडकलं त्या वेळी, सगळे हात वर करून स्तब्ध उभे राहतात.

मी गेले तेव्हा माझ्यापुढे अग्निशमन दलाच्या गणवेशात एक वयस्क गृहस्थ होते. संपल्यावर माणसं निघाली, ते निघाले नाहीत. एक नर्तकी, विशीतली असेल, जाता जाता त्यांच्यापाशी थांबली आणि काही न बोलता त्यांचा हात हातात घेऊन उभी राहिली. तिच्या कपड्याची किनार चौकाच्या ओल्या फरशीने काळी झाली होती.

तिकीट नाही. लवकर पोहोचा, आठच्या आधी.

----

दर्यावर्दी

मुग्धमधुर, हे मला माहीत नव्हतं. यंदा सुट्टी टाकून जाणार.

उन्हाळ्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. जून ते ऑगस्ट 'समर फॉर द सिटी' नावाखाली इथे शेकडो कार्यक्रम होतात, बहुतेक मोफत. चौकात नाचायला जागा करतात, साल्सा, स्विंग, कानांना हेडफोन लावून चालणारा सायलेंट डिस्को. पहिल्या वर्षी, २०२२मध्ये, वर दहा फुटी डिस्को बॉल टांगला होता. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, करोनामुळे थिएटरं बंद असताना, मिमी लियन या नेपथ्यकर्तीने चौकात खोटी हिरवळ अंथरली होती, लोक डबे आणि पुस्तकं घेऊन लोळायला यायचे. म्हणजे उन्हाळ्यात गेलात तर चौक दरवेळी वेगळा दिसेल. ज्यांना शेवंती म्हणतात तसं नुसतं कारंज्यापाशी बसायचंय त्यांनी मे किंवा ऑक्टोबर गाठावा.

आणि एखादा प्रयोग आत बसून बघावासा वाटलाच तर मेटची 'रश' तिकिटं बघा. त्याच दिवशीच्या प्रयोगाची, संकेतस्थळावर, २५ डॉलरला. आठवड्याच्या दिवशी साधारण दुपारी बाराला खुली होतात आणि भराभर संपतात, म्हणून आधी खातं उघडून तयार राहा.

----

आजोबा_एडिसनचे

मंडळी, आम्ही दोघे जाऊन आलो. उतारावरून वर गेलो, काही त्रास झाला नाही. काठावर शाल अंथरून दीड तास बसलो. सौ.ने अर्धा वेळ कारंज्याकडे पाठ करून माणसेच बघितली. एका मुलीने सौ.ची साडी आणि खोपा बघून फोटो मागितला, तोही झाला. लॉबीतल्या मोठ्या पडद्यावर वाद्यवृंद चालू होता, तो शेवटपर्यंत ऐकला.

उंबरठा यांनी लिहिलेली वस्तीची गोष्टही मी तिला तिथे बसूनच सांगितली. तिचे बालपण गिरगावात, चाळ पाडल्यावर तिच्या मामांचे बिऱ्हाड उठले होते. त्यावर ती बराच वेळ बोलली. या गोष्टी मी लग्नाला इतकी वर्षे होऊनही ऐकल्या नव्हत्या.

आता तिचा प्रश्न आहे, ऑगस्टअखेर आम्ही इथेच आहोत. तोवर पुन्हा जावे असे काही आहे का?

----

शेवंती

काका, काकूंना सांगा, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मेटचा 'समर एचडी फेस्टिव्हल' असतो. कारंज्याच्या बाजूला चौकात हजारो खुर्च्या मांडतात आणि मेटच्या दर्शनी भागावर मोठा पडदा लावून आधी चित्रित केलेले ऑपेरा दाखवतात. २००९पासून हे चालतं. लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) बहुतेक रोज रात्री, फुकट, आधी येणाऱ्याला आधी जागा. खाली इंग्रजीत संवाद येतात, त्यामुळे गोष्ट समजते.

काकूंना पाठ टेकायला मिळेल, या खुर्च्यांना पाठ असते. अंधार पडल्यावर सुरू होतं म्हणून परतीची गाडी उशिराची बघून ठेवा. मी त्या आठवड्यात एकदा जाणार आहेच, कार्यक्रमपत्रिका आली की इथे टाकते आणि तुमचा दिवस ठरला की कळवा. खुर्च्या धरून ठेवीन.